शंका कोण ऐकणार?

लखनऊच्या चौकात गोल दरवाजाकडून अकबरी दरवाजाकडे चालू लागले की दोन्ही बाजूंना चिकनच्या कापडाची, अत्तराची आणि चांदीच्या वर्खाची दुकाने लागतात. त्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये एकेका खोलीत चार-पाच माणसांचा संसार असतो आणि संध्याकाळनंतर अभ्यासाची जागा असते ती ओट्यावर किंवा जिन्याच्या पायरीवर. हल्ली त्या पायऱ्यांवर दोघे मिळून एक इअरफोन वाटून घेतलेली मुले दिसतात. माझ्या पिढीची मंडळी त्यांच्याकडे पाहून मान हलवतात. मीही काही काळ हलवीत असे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका पायरीवरचा मुलगा माझ्याकडे येऊ लागला. वडील चिकनच्या कापडावर नक्षीचे छापे मारतात. मुलगा इतिहास घेऊन बी. ए. झालेला, दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता. शिकवणी लावण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे सारा अभ्यास फोनवर. पहिल्याच भेटीत त्याने एक अडचण सांगितली. एका व्हिडिओत त्याने ऐकले होते की फिरंगी महलचे विद्यापीठ औरंगजेबाने स्थापन केले. दुसऱ्यात सांगितले होते की ती फ्रेंच व्यापाऱ्याची हवेली होती आणि बादशहाने ती ताब्यात घेतली. ‘‘सर, यातलं खरं कोणतं?’’

मी विचारले, ‘‘तुला कोणतं खरं वाटतं? आणि कशावरून?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘हे मला आजवर कोणी विचारलंच नाही.’’

शेकडो तासांची व्याख्याने ऐकलेल्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्याला माहिती कमी नव्हती. त्याच्या वयाचा असताना मला अवधच्या इतिहासातले जेवढे ठाऊक होते, त्याच्या दुप्पट त्याला पाठ होते. त्याने लिहिलेले उत्तर मी मागून घेतले. त्यात सगळे मुद्दे होते, सनावळी अचूक होती आणि एका मुद्द्याचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. ज्यांच्याकडून तो शिकला ते सगळे बोलत होते. त्याचे ऐकणारे कोणी नव्हते.

फोनने मुले बिघडली, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या जिल्ह्याच्या गावी मी महाविद्यालयात शिकलो, तिथे आमचे एक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणे सांगत आणि आम्ही ती उतरवून घेत असू. शंका विचारणे उद्धटपणाचे समजले जाई. आज त्याच विषयावर भारतातल्या आणि बाहेरच्या विद्यापीठांतल्या उत्तम अध्यापकांची व्याख्याने माझ्या छापेवाल्या शेजाऱ्याच्या मुलाला फुकट मिळतात. आमच्या त्या वहीपेक्षा ती शतपटीने बरी आहेत, हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही. तेव्हा प्रश्न शिक्षक हवा की फोन हवा, असा नाहीच. विद्यार्थी जाळ्यावरून शिकणार हे गृहीत धरल्यावर शिक्षकाने नेमके काय करायचे, आणि राज्याने त्याला कशासाठी पगार द्यायचा, असा तो आहे. आपल्या शिक्षण धोरणाने या प्रश्नाचे उत्तर अजून मनापासून शोधलेले नाही, असे मला वाटते.

त्या मुलाला घेऊन मी फिरंगी महलपर्यंत चालत गेलो. त्याच्या घरापासून दहा मिनिटांचे अंतर. तो तिथून रोज जात होता. दोन्ही व्हिडिओ अर्धवट खरे होते. सिहाली या आजच्या बाराबंकी जिल्ह्यातल्या गावी मुल्ला कुतबुद्दीन हे विद्वान राहत. जमिनीच्या वादातून त्यांची हत्या झाली. त्यानंतर 1690 च्या दशकात औरंगजेबाने पूर्वी युरोपीय व्यापाऱ्याकडे असलेली लखनऊची ही हवेली फर्मान काढून त्यांच्या मुलांना राहायला दिली. बादशहाने घर दिले, विद्यापीठ काढले नाही. विद्या त्या घरात आणली ती कुतबुद्दीनांचे पुत्र मुल्ला निजामुद्दीन यांनी. 1748 मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या नावाचा ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम पुढे उपखंडभर पसरला आणि बदलत्या रूपात आजही अनेक मदरशांत चालतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या अभ्यासक्रमाकडे मी पुष्कळदा वळलो आहे. आजच्या संदर्भात त्यातली शिकवण्याची रीत मला फार महत्त्वाची वाटते. मुल्ला निजामुद्दीनांनी ग्रंथांची यादी वाढवली नाही. प्रत्येक विषयातले मोजके, आटोपशीर आणि कठीण ग्रंथ निवडले. तेवढे नीट उमगले की त्या विषयातला दुसरा कोणताही ग्रंथ विद्यार्थ्याला आपला आपण वाचता यावा, ही त्यामागची दृष्टी होती. तर्क आणि तत्त्वज्ञानावर भर असल्याने या रीतीतून तयार झालेली माणसे न्यायदानात आणि राज्यकारभारात उपयोगी पडली. म्हणजे शिक्षकाचे पहिले काम निवडण्याचे होते आणि ते निवडणे विद्यार्थ्याला शिक्षकाविना वाचता यावे यासाठी होते. आज अमर्याद सामग्रीपुढे बसलेल्या मुलाला कुणी तरी हेच करून द्यायला हवे आहे.

दुसरे काम ऐकण्याचे. या परंपरेत विद्यार्थी ग्रंथ मोठ्याने वाची आणि शिक्षक ऐके. वाक्याचा अन्वय चुकला, शब्दावर चुकीचा जोर पडला की तिथेच थांबवून विचारणा होई. आपल्या आजच्या वर्गात शिक्षक वाचतो आणि विद्यार्थी ऐकतो. व्हिडिओने तीच उलटी रीत पुढे चालवली आहे. अशा रीतीने एक ग्रंथ पुरा झाला की शिक्षक ‘इजाजत’ देई. अमुक माणसाने अमुक ग्रंथ माझ्यापाशी वाचला आणि तो शिकवायला आता तो योग्य आहे, अशी ती वैयक्तिक ग्वाही असे. तिच्यामागे संस्थेचा शिक्का नसे. शिक्षकाचे स्वतःचे नाव आणि त्याच्या गुरूंची परंपरा असे. विद्यार्थी कच्चा निघाला तर त्या नावाला बट्टा लागे.

फिरंगी महलात दीर्घकाळ औपचारिक संस्था नव्हतीच. ती विसाव्या शतकाच्या आरंभी आली. त्याआधी प्रत्येक अध्यापक आपापल्या घरी शिकवी, विद्यार्थी एका दारातून दुसऱ्या दारी जात आणि अध्यापकही फिरत. मुल्ला निजामुद्दीनांचे पुत्र अब्दुल अली, ज्यांना ‘बहरुल उलूम’ म्हणजे विद्यांचा सागर म्हणत, लखनऊ सोडून शाहजहानपूर, रामपूर, बंगालमधले बुहार असे शिकवीत शिकवीत मद्रासला पोहोचले आणि 1810 मध्ये तिथेच वारले. भिंती नसलेले हे एक विद्येचे जाळेच होते. फरक एवढाच की त्या जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर ऐकणारा माणूस बसलेला होता.

मग छापखाना आला. 1858 मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी लखनऊत छापखाना सुरू केला आणि तो आशियातल्या मोठ्या छापखान्यांपैकी एक झाला. जो ग्रंथ नकलून घ्यायला महिने लागत तो बाजारात मिळू लागला. गुरूच्या दाराशी न जाता वाचता येऊ लागला. आजच्या आपल्या घबराटीशी मिळतीजुळती घबराट तेव्हाही होती. फिरंगी महलच्याच अब्दुल हई यांनी मात्र छपाईकडे पाठ फिरवली नाही. 1886 मध्ये चाळिशीच्या आतच ते गेले, पण तेवढ्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ लिहून गेले आणि त्यांतले बरेचसे शिकवायच्या ग्रंथांवरच्या टीका-टिप्पण्या आहेत. त्या काळची शिळाछापाची पाने पाहावीत: मध्ये मूळ ग्रंथ, त्याभोवती भाष्य आणि उरलेल्या समासात तिरक्या, उभ्या, कोपऱ्यात वळलेल्या ओळींत टिपा. विद्यार्थी कुठे अडेल हे वर्षानुवर्षे ऐकून ठाऊक झालेल्या माणसाने भरलेला तो समास आहे. पुस्तक स्वस्त झाले तेव्हा शिक्षक समासात जाऊन बसला, असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगतो.

या परंपरेचे उदात्तीकरण मला करायचे नाही. तिचे दार मुलींना बंद होते, विद्या काही घराण्यांत फिरत राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा अभ्यासक्रम काळाच्या मागे पडला, अशी टीका आतूनच झाली. त्या टीकेतूनच 1898 मध्ये लखनऊत नदव्याचे दारुल उलूम उभे राहिले. पण नवे माध्यम आल्यावर शिकवण्याच्या कामाचे कोणते भाग सुटे होतात आणि कोणते होत नाहीत, हे पाहण्यासाठी चौकातले ते घर उपयोगी पडते. ग्रंथ सुटा झाला, व्याख्यान सुटे झाले. ऐकणे सुटे झाले नाही.

आता आपल्या धोरणाकडे येऊ. गेल्या चार-पाच दशकांत राज्यसंस्थेने शिक्षणासाठी जी माध्यमे वापरली त्यांची मालिका पाहिली तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. 1984 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरदर्शनवरची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’, 2004 मध्ये ‘एज्युसॅट’ उपग्रह, 2017 मध्ये ‘स्वयम’ आणि ‘दीक्षा’, मग महासाथीतले ‘पीएम ई-विद्या’ आणि 2022 च्या अर्थसंकल्पात 12 वरून 200 वर नेलेल्या शैक्षणिक वाहिन्या. दर वेळी वाढवले ते बोलणे. यातल्या कित्येक योजना चांगल्या आहेत. ‘एनपीटीईएल’ची अभियांत्रिकीची व्याख्याने तर देशाची मालमत्ता आहेत. पण जी वस्तू आज सर्वांत मुबलक आहे तिचाच पुरवठा सरकार आणखी वाढवीत आहे.

दुर्मीळ वस्तू कोणती, हे बाजाराने आपल्याआधी ओळखले. प्रयागराजच्या अलख पांडे यांनी 2016 मध्ये यूट्यूबवर भौतिकशास्त्र शिकवायला सुरुवात केली. साधी भाषा, फळा आणि फुकट व्याख्याने; लाखो मुले जोडली गेली. पुढे त्यांची ‘फिजिक्सवाला’ ही मोठी कंपनी झाली आणि 2022 पासून याच कंपनीने बाके आणि फळे असलेली केंद्रे उघडायला घेतली. जाळ्यावर जन्मलेल्या उद्योगाला भिंतींकडे परत यावेसे का वाटले असेल? शिकवणीच्या व्यवसायात ‘डाउट’ हा शब्द आहे. डाउट सेशन, डाउट काउंटर, डाउट सोडवणारे वेगळे शिक्षक. पालक पैसे मोजतात ते मुख्यतः या शब्दासाठी. व्याख्यान फुकट झाले आणि शंका महाग झाली. सरकार फुकट झालेली वस्तू फुकट देते आणि महाग झालेली बाजारावर सोडते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. उत्तर प्रदेश सरकारने 2021 मध्ये स्पर्धा परीक्षांसाठी ‘अभ्युदय’ योजना काढली तेव्हा प्रत्यक्ष वर्ग भरवले आणि अधिकाऱ्यांना शिकवायला पाठवले. व्हिडिओ पुरत नाहीत याची जाणीव शासनात कुठेतरी आहे, एवढे त्यावरून दिसते.

ती जाणीव नियमांतही आहे, पण एका ओळीपुरती. ‘स्वयम’वरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक महाविद्यालयाने मान्य करावेत असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये केला, एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी 20 टक्क्यांपर्यंत ही मुभा होती आणि 2021 मध्ये ती 40 टक्क्यांवर नेली गेली. 2016 च्या त्या नियमांत एक तरतूद होती: विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेने एक समन्वयक नेमावा, त्याने अभ्यासक्रमभर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे आणि त्यासाठी आठवड्याला 2 तास द्यावेत. मला ही ओळ वाचून बरे वाटले होते. कुणीतरी मसुदा लिहिताना ऐकणाऱ्या माणसाची आठवण ठेवली होती.

निवृत्तीनंतर तीन-चार महाविद्यालयांत व्याख्यानाच्या निमित्ताने जाणे झाले तेव्हा मी हे दोन तास कुठे आहेत, म्हणून विचारले. एका ठिकाणी समन्वयकाचे नाव अर्जावर होते. त्या गृहस्थांना स्वतःला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण अध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मुलं येतात, मी बसतेही. पण वेळापत्रकात तो तास लिहायला जागा नाही.’’ आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. ऐकण्याचे दोन तास त्या सोळांत बसवले जात नसतील, तर ते दोन तास म्हणजे त्या बाईंचा चांगुलपणा. चांगुलपणावर 40 टक्के पदवी उभी करता येत नाही. महाराष्ट्रात काम केलेले माझे एक सहकारी सांगत होते की तिथे कायम पदे रिकामी राहिल्याने ‘तासिका तत्त्वावर’ अध्यापक नेमले जातात आणि त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. अशा माणसाने तास संपल्यावर व्हरांड्यात उभे राहून विद्यार्थ्याची शंका ऐकली तर ती कोणत्या खात्यावर पडणार?

वैद्यकीय शिक्षणात हाच प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने हाताळला गेला आहे. चौकाच्या कडेलाच 1911 मध्ये सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते विद्यापीठ आहे. देशभरातले वैद्यकीय विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी नोंदवलेली व्याख्याने पाहतात हे काही गुपित नाही. पण 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने असे बंधन घातले की वेळापत्रकातला एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ व्याख्यानांना देऊ नये; उरलेला वेळ प्रात्यक्षिके, गटचर्चा आणि रुग्णाजवळचे शिक्षण यांसाठी ठेवावा. या नियमाचे पालन कुठे कसे होते हा वेगळा विषय. तरीही शिक्षकाचा वेळ कशावर जावा हे नियमात आकड्याने लिहिले, ही गोष्ट महत्त्वाची. स्टेथोस्कोप छातीवर चुकीच्या जागी ठेवणाऱ्या मुलाचा हात धरून जागेवर नेणारा माणूस लागतो, यावर वैद्यकात कोणी वाद घालीत नाही. इतिहासात, मराठीत किंवा अर्थशास्त्रात विद्यार्थ्याचा तर्क चुकीच्या जागी पडतो तेव्हा तो दिसत नाही, म्हणून आपण त्यासाठी तास राखून ठेवीत नाही.

शाळेच्या पातळीवर तर मला आधी स्वतःची कबुली द्यायला हवी. जिल्ह्यात असताना मतदारयाद्या, मतदान, सर्वेक्षण, जे काही काम निघे त्यासाठी माझी नजर सर्वांत आधी प्राथमिक शिक्षकांवर जाई. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यापुरतेच त्यांना शिक्षणेतर काम देता येते. पण कलमातल्या ‘निवडणूक’ या शब्दाचा पदर किती लांब ओढता येतो हे माझ्यासारख्या अधिकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. पुढे डिजिटल सामग्री आली तेव्हा आढावा बैठकीत मी विचारीत असे ते किती शिक्षकांनी ॲप उतरवून घेतले आणि किती क्यूआर कोड उघडले गेले. पडद्यावर आकडे हिरवे दिसले की पुढचा विषय. एखाद्या मुलीने कोड उघडला, पाहिले आणि तिला काही कळले नाही, तर ते त्या पडद्यावर दिसायची सोय नव्हती. मीही ती मागितली नाही.

उत्तर प्रदेशात जुलै 2024 मध्ये शिक्षकांची हजेरी ऑनलाइन घेण्याचा आदेश निघाला, शिक्षकांनी जोरदार विरोध केला आणि आठवड्याभरात तो स्थगित झाला. दोन्ही बाजूंनी बरेच काही बोलले गेले. शिक्षक वेळेवर यावेत यात गैर काही नाही. पण शिक्षक शाळेत आहे की नाही, यापलीकडे त्या साऱ्या वादात शिक्षकाच्या कामाबद्दल एक वाक्य कुणी बोलल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

याउलट क्यूआर कोडची गोष्ट जिथून सुरू झाली तिथे ती फार वेगळी होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला असे कोड जोडले. पुढे महाराष्ट्राने राज्याच्या पुस्तकांत ते स्वीकारले आणि डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुळात ती एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांसाठी केलेली निवड होती. कोणत्या पानावर कोण अडते हे त्याला ठाऊक होते. तीच कल्पना राज्यभर गेली तेव्हा कोड प्रत्येक पुस्तकात पोहोचला, निवडणारा शिक्षक प्रत्येक शाळेत पोहोचवता आला नाही. धोरणे अशीच वाढतात; जे छापता येते ते पसरते.

आणि फोन पोहोचला म्हणजे शिक्षण पोहोचले, हा समजही तपासून पाहावा. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होते, 2021 मध्ये ते 67.6 टक्के झाले. पण घरात फोन असूनही जवळपास चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. याच काळात खासगी शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले. शंका विचारायची जागा ज्याने त्याने आपापल्या पैशाने शोधली. 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वर्षांची 82 टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांतल्या 57 टक्क्यांनी त्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. माझ्या छापेवाल्या शेजाऱ्याच्या घरी फोन आधी मुलाचा, मग वडिलांच्या व्यवहाराचा आणि रात्री दहानंतर मुलीचा.

ती मुलगी चिकनकाम शिकते आहे. चिकनमध्ये ‘जाली’ नावाचा प्रकार असतो. कापडाचा एकही धागा न तोडता सुईने ताणा-बाणा बाजूला सारून बारीक खिडक्या पाडायच्या. याचे व्हिडिओ आहेत, उत्तम आहेत आणि ती ते पाहते. पण तिचे काम झाले की तिची आई काही न बोलता कापड उलटे करते आणि मागची बाजू दिव्याखाली धरते. कुठे धागा तुटला, कुठे गाठ जाड झाली हे मागून कळते. व्हिडिओला तिचे कापड उलटे करून पाहता येत नाही. आता उत्तरे देणारी यंत्रेही आली आहेत आणि ती प्रश्नाला प्रश्न विचारू शकतात हे मला माहीत आहे; तरी त्या मुलीच्या कामाची ग्वाही आपल्या नावावर कोण घेणार, हे उरतेच.

यावर अर्थ खात्यातला माझा एखादा जुना सहकारी म्हणेल, एवढी माणसे आणायची कुठून? हिशेब करून पाहू. एका समन्वयकाकडे 30 विद्यार्थी दिले आणि सत्र 15 आठवड्यांचे धरले, तर आठवड्याच्या 2 तासांप्रमाणे त्याच्याकडे 30 तास येतात. सत्राअखेर प्रत्येक विद्यार्थ्याला 10 मिनिटे समोर बसवून विचारायचे ठरवले तर त्यात 5 तास जातील. 25 तास उरतात आणि त्या वेळात प्रत्येकाचे एखादे लिखाण वाचून त्यावर बोलता येते. हे 2 तास सोळांच्या आत मोजायचे, आणि समन्वयकाने आपल्या सहीने ‘या विद्यार्थ्याला मी ऐकले आहे’ असे लिहिल्याखेरीज श्रेयांक द्यायचे नाहीत, एवढा बदल आयोगाला एका अधिसूचनेने करता येईल. ज्या व्याख्यानांची जागा ‘स्वयम’ने घेतली त्यांचे तास मोकळे झालेच आहेत, ते रिक्त पदे गोठवण्यासाठी वापरायचे की ऐकण्यासाठी, एवढाच निर्णय आहे. माझी भीती अशी की पहिला पर्याय कोणी जाहीर न करता निवडला जाईल. प्रशासनात बरेच मोठे निर्णय पद न भरण्यातून होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आपले शिक्षक ऐकू शकतील का? माझ्या त्या पिवळ्या वहीवाल्या प्राध्यापकांना आठवड्याचे दोन तास दिले असते तर त्यांनी आणखी टिपणे सांगितली असती. ऐकण्यासाठी विषय व्याख्यानापेक्षा जास्त यावा लागतो. विद्यार्थ्याची चूक कुठून आली ते ओळखावे लागते आणि कधी कधी ‘मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणावे लागते. आपल्या शिक्षक प्रशिक्षणात पाठ कसा घ्यावा याचे धडे भरपूर आहेत. विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तर हातात देऊन ‘हा मुलगा असा का म्हणाला असेल?’ एवढा एकच प्रश्न विचारणारी परीक्षा मी अजून पाहिलेली नाही. शिक्षक निवडताना तीच आधी घ्यावी, असे माझे मत आहे. सगळे पार पडतील असे नाही. जे पडणार नाहीत, त्यांचे व्याख्यान मात्र आता कोणाला नको आहे, हे त्यांना आणि शासनाला स्पष्ट सांगावे लागेल.

फिरंगी महलवरचे ते उत्तर मुलाने आतापर्यंत चार वेळा लिहिले आहे. पहिल्यांदा ते तीन पाने होते, आता दीड आहे. परवा आला तेव्हा तिसरा एक व्हिडिओ घेऊन आला होता. त्यात हवेलीचा मूळ मालक नीळ विकणारा होता असे सांगितले आहे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘हे याने कुठून घेतलं ते सांगितलेलं नाही.’’ कुठून घेतले असेल ते शोधायला रविवारी कैसरबागेतल्या अमीर-उद-दौला ग्रंथालयात जायचे ठरले आहे. त्याच्या बहिणीलाही यायचे आहे, पण रविवारी माल पोहोचवायचा असतो. तिच्यासाठी दुसरा वार पाहतो आहोत.